दुष्फेन

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात
पाचपावलीतल्या माळ्यांवरून कूलर उतरतात.
पत्र्याच्या पोटात मागचा उन्हाळा
पांढरा होऊन बसलेला असतो:
जाळीवर, पंपाच्या तोंडाशी, नळीच्या भोकाभोकात.
नखानं खरवडला तर निघत नाही,
खिळ्यानं खरवडला तर पत्राच निघतो.

मी नववीला शिकवते.
दुष्फेन पाणी.
मला आवडतो हा शब्द.
साबण घासून घासून कंटाळलेल्या बाईनं
तो पहिल्यांदा उच्चारला असावा, असं वाटतं.
फळ्यावर लिहिते: कॅल्शिअम, मॅग्नेशिअम.
सांगते की बोअरचं पाणी खडकातून वर येताना
थोडा खडक ओच्यात घालून आणतं,
विरघळलेला, म्हणून दिसत नाही.
पाणी उडालं की दिसतो.

"पाणी उडालं त थंड काऊन लागते जी मॅडम?"
दामिनी निखारे. खिडकीजवळचा बाक.
बापाचं गोळीबार चौकात कूलरचं दुकान,
त्याच जागेत आधी माग होता.
मी म्हटलं, जो रेणू सुटतो
तो ऊब घेऊन सुटतो.
जाणारा काही रिकाम्या हातानं जात नाही.
वर्ग हसला.
हे परीक्षेला येणार नाही, मी म्हटलं,
आणि वह्या मिटल्या.

परीक्षेला आलं ते असं:
"रासायनिक बदल उलटवता येत नाही.
चूक की बरोबर, कारणासह लिहा. गुण दोन."
नमुना उत्तर: बरोबर.
चाळीस पोरांनी बरोबर लिहिलं,
कारणात जळालेला कागद, नाहीतर उकडलेलं अंडं.
दामिनीनं लिहिलं:

चूक. आमच्या घरी दरवर्षी उलटते.
कळमन्याच्या बाजारातून उतरलेली संत्री आणतो,
पिळून पंपावर टाकतो. चर्र वाजते.
बुडबुडे येतात, तो वायू आहे.
पांढरं गळून पाण्यात परत जाते.
पण ते पहिलं पाणी होत नाही,
आता त्यात संत्रं पण असते.
बाबा म्हणतात परत म्हणजे तसंच नसते.
म्हणून अर्धं बरोबर.

रात्रीचे अकरा, बाहेर अजून छत्तीस अंश.
खिडकीत कूलर घरघरतो,
ओल्या वाळ्याचा वास खोलीभर.
मी लाल पेनानं शून्य घातलं,
कारण नमुना उत्तर समोर होतं
आणि गठ्ठा सकाळी द्यायचा होता.
चार पेपर पुढे गेले.
मग मागे आले.
शून्याला खाली एक शेपटी ओढली.
आपल्या आकड्यांत एवढ्यानं भागतं,
शून्याचा एक होतो.
शाई वाळेपर्यंत पाहत राहिले,
हा बदल कुठल्या प्रकारात बसवायचा.
दोन का नाही दिले, ते विचारू नका.
मला अजून सांगता येत नाही.

फ्रिजच्या तळाशी एक संत्रं होतं,
एका अंगानं मऊ पडलेलं.
बेसिनच्या नळाला सात वर्षांची पांढरी दाढी आहे.
नळ नवा होता तेव्हा त्यात तोंड दिसायचं.
सात वर्षं मी हिला घासते आहे,
दर शनिवारी, आणि शिकवते आहे,
दर वर्षी, प्रकरण पाचवं,
आणि या दोन गोष्टी
कधी एका बेसिनवर भेटल्या नव्हत्या.

पिळलं.
काही झालं नाही.
कूलर बंद केला.
घामानं मान भिजली,
केस वर बांधले, कान नळाशी नेला.

फार बारीक.
आधण यायच्या आधी पातेलं बोलतं तसं.