बॅनर

पहिल्यांदा कंपनी आली तेव्हा आधी बॅनर आला.
दोन माणसांएवढा उंच. आमच्या जिन्यात मावेना.
उद्यमनगरात मुजावरांच्या पॅटर्न शॉपचा वरचा मजला,
खाली लेथ, वर आम्ही सतरा जण,
चार्जरच्या वायरींत पाय अडकवून बसलेले.
बॅनर आडवा केला, तिरका केला,
शेवटी तो जिन्याच्या वळणावरच राहिला.
वर येणारा प्रत्येक जण
त्याच्यापुढं अंग चोरून आला.

मग टी-शर्ट. सगळे मीडियम.
शीतल उपाध्येनं बारा वर्षं तालमीची माती अंगाला लावलेली,
त्यानं घडी न मोडता तो बहिणीच्या पोराला दिला.
माइकवरचा माणूस म्हणाला, तुम्ही आमचं कुटुंब आहात.
आसिफ मागनं म्हणाला,
मग जेवायला थांबा की.
साडेपाचला त्यांची गाडी पुण्याला निघाली.

त्या कंपनीच्या पोटात आमची एक वस्तू होती,
हे तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं.
मार्केट यार्डातल्या गुळाच्या काट्यासाठी
मी लिहिलेला तीनशे ओळींचा कोड.
हमाल रवा ठेवून हात काढतो,
आकडा खालीवर होत राहतो;
तो कधी खरा मानायचा, एवढंच त्यात ठरतं.
उघडा ठेवला होता, कुणीही न्यावा.
त्यांनी नेला, देशभरची पार्सलं तोलली.
मला कळलं ते तक्रारींवरून.
रात्री दोनला कुणीतरी लिहायचं: तातडीचं आहे.
नाव नाही, गाव नाही.

पुढल्या वर्षी शर्वाणी आली. एकटी, एसटीनं.
बॅनर? विसरले, म्हणाली, आणि हसली,
म्हणजे विसरली नव्हती.
भाषणाला उभीच राहिली नाही.
आसिफजवळ स्टूल ओढून म्हणाली,
आमची माहितीपुस्तिका उघडा,
अडाल तिथं मला शिव्या द्या.
हे कोल्हापुरात दोनदा सांगावं लागत नाही.
चौथ्या पायरीवर आसिफ अडला, सहाव्यावर सगळेच.
ती वहीत लिहीत राहिली, पेननं.
लेथ थांबला, चहा आला, निवला.
सहावी पायरी तिनंच लिहिलेली होती,
हे तिनं रात्री सांगितलं, भडंग खाताना,
कागदातल्या शेवटच्या शेंगदाण्याकडं बघत.

सकाळी काटा बघायचाच म्हणून यार्डात आली.
बाबू हमाल तिला म्हणाला,
हात काढला तरी त्यो लगीच खरं बोलत न्हाई, मॅडम.
जरा दम धरायचा.
ती दम धरून उभी राहिली.
आकडा थांबला.
मग हळूच, माझ्याकडं न बघता :
याचे आम्ही तुम्हाला एक रुपया दिलेला नाही.
मी म्हणालो, रुपयाचंही बघा,
पण आधी चूक सापडली तर नाव घालून सांगत जा,
आणि दुरुस्त केली तर परत आणून द्या.

दोन महिन्यांत अकरा दुरुस्त्या आल्या.
प्रत्येकीखाली एका माणसाचं नाव.
रुपये पाचव्या महिन्यात आले, थोडे, पण आले.

मग तिचं पदच बंद झालं.
पत्र आलं, आपलं नातं पूर्वीसारखंच राहील,
सहीच्या जागी विभागाचं नाव.
पाठोपाठ एक फॉर्म :
एक ते दहामध्ये सांगा,
आमच्याबद्दल किती जवळीक वाटते?
मी सात लिहिणार होतो, सवयीनं.
शीतलनं कीबोर्ड ओढून घेतला, लिहिलं,
आकडा अजून हलतोय.
फॉर्मनं ते स्वीकारलं नाही. फक्त अंक भरा, म्हणाला.

गेल्या शनिवारी शर्वाणी आली होती,
आता कुठल्याच कंपनीची नसलेली.
जिना मोकळा बघून थबकली.
बॅनर खाली आहे.
मुजावरचाचांनी तो लेथवर पांघरलाय, धूळ बसू नये म्हणून,
अक्षरं आतल्या बाजूला.
कापड मात्र चांगलं दिलं होतं त्यांनी, चाचा म्हणाले,
आणि तिच्यासाठी स्टूल पुसलं.