वरचा उजवा, पुढचा

नव्या सीडी बाजारात येतात बुधवारी,
पण हाचिनोहेत मंगळवारी संध्याकाळीच खोकी फुटतात.
किनुगासा शटर अर्धं ओढून घेतो,
माझ्यापुढे सरकवतो पिवळी कार्डं, तळहाताएवढी.
"चार ओळी लिही," म्हणतो, "आणि या वेळी
कुणाची सालं काढू नकोस. मला माल विकायचाय."

मी दात बनवते. लोकांचे, दिवसभर.
मेण, प्लास्टर, पोर्सेलिन, आणि कानात गिटार.
बावीस वर्षं झाली.
केसाएवढी फट बोटाला कळते माझ्या,
कानालाही.

पहिली सीडी 'निबुइ हासामी'ची. म्हणजे बोथट कात्री.
नाव आता कुठे सार्थ झालं.
ड्रम इतके स्वच्छ, जणू इस्पितळात वाजवलेत,
आणि तिसऱ्या गाण्यात व्हायोलिनं. बारा.
बारा!
रस्सा फसला की साखर ओततात तशी.
कार्डावर लिहिलं, "सुरेल. भेट द्यायला उत्तम."
किनुगासा खूश. टोमणा त्याला कळत नाही,
किंवा कळतो, आणि तो दुकानदार आहे.

दुसरी, हिरोसाकीच्या तीन पोरींची.
बापाच्या सफरचंदांच्या गोदामात ध्वनिमुद्रण,
ताल सुटतो पुढे, बेस धापा टाकत मागून,
चौथ्या गाण्यात एक जण चुकते आणि हसते,
आणि ते हसू त्यांनी कापलेलं नाही.
मी दोनदा मागे नेऊन ऐकलं.
कार्ड: "घ्या. विचार घरी जाऊन करा."

तिसरी आमची. 'शिओदामारी'.
आमची म्हणजे याच बंदरातली,
आइस हॉकीच्या मैदानामागे सराव करणारी.
दुसऱ्याच कार्यक्रमात माइक इसाकुच्या तोंडावर आपटला,
पुढचा दात अर्धा उडाला.
मी दुसऱ्या रांगेत होते. त्यानं गाणं थांबवलं नाही.
तेव्हापासून त्याच्या प्रत्येक 'स'मधून वारा निसटायचा,
'सामुई' म्हणाला की खरंच गारठा यायचा खोलीत.
इतर गायक थंडीविषयी गातात.
हा दार उघडं टाकायचा.

सहा वर्षांनी नवा अल्बम.
गाणी चांगली आहेत. खोटं कशाला बोलू,
सहावं तर आजवरचं सगळ्यात चांगलं.
पण वारा नाही.
'स' आता नुसता 'स' आहे,
बातम्या वाचणाऱ्या बाईच्या तोंडातला.
मी पेन उघडलं. चांगलं झणझणीत लिहिणार होते,
विकला गेला, गुळगुळीत झाला, तोक्योचं पाणी लागलं,
सगळं जिभेवर तयार होतं.
मग मुखपृष्ठाकडे लक्ष गेलं.

फेब्रुवारीत एक साचा आला होता आमच्याकडे.
नाव शिमोमुकाइ. पुरुष, चाळिशीचा.
वरचा उजवा, पुढचा.
सोबत डॉक्टरांची चिठ्ठी: रंग पिवळट ठेवा, सिगारेट ओढतात.
तीन रात्री खपले मी त्या दातावर.
कडेला एक बारीक रेघही ठेवली,
कारण शेजारच्यावर तशीच होती,
आणि जोडीनं राहायचं तर थोडं सारखं दिसावं लागतं.

तीच रेघ, मुखपृष्ठावर. हसतेय.

किनुगासाला म्हटलं, सहावं परत लाव.
लावलं. कान लावून बसले, खोट शोधत.
कुठे फट नाही, कुठे शीळ नाही.
काम चोख आहे.
बाहेर बर्फ ढकलणारी गाडी गेली, तिचा भोंगा
गाण्याच्या सुरात नव्हता, तेवढंच बरं वाटलं.

हे कुणाला सांगता येत नाही. धंद्याचे नियम आहेत.
आणि त्याला वीस वर्षं
गार पाणी पिताना कळ येत असणार,
याचा मी, पहिल्या दिवसापासूनची चाहती,
दात बनवणारी,
एकदाही विचार केला नव्हता.

"झालं का?" किनुगासा किल्ल्या वाजवतो.
लिहिते: "गायकाला आता सफरचंद चावता येत असावं."
तो वाचतो. उलटं करून बघतो, मागे काही आहे का.
"हे कसलं मत?"
आणि खिशात टाचणी शोधू लागतो.