पिवळं कार्ड

माग आधी गेले.
अशोक चौकातल्या शेडमधले चोवीस,
खोलून, ग्रीस फासून, लाकडी पेट्यांत,
कंटेनरने थेट बंदराला.
त्यांना कुणी विचारलं नाही
मागच्या सहा वर्षांत कुठे कुठे होतात,
छातीचा काही त्रास?

मला विचारतात.

साखर पेठेत झेरॉक्सच्या दुकानात
पोगुलांचा व्यंकटेश फॉर्म भरून देतो.
फोटोत मागे पांढरा पडदा, दोन्ही कान दिसले पाहिजेत.
पासपोर्टात सहा महिने शिल्लक पाहिजेत,
बँकेतही काहीतरी शिल्लक पाहिजे,
परतीचं तिकीट पाहिजे.
आडनाव येमूल, नाव मल्लेशम.
धंदा?
जॉबर.
'जॉबर नको, तिकडे भलतंच समजतील. मेकॅनिक टाकतो.'
बावीस वर्षं जॉबर होतो,
दोन मिनिटांत मेकॅनिक झालो.

छातीच्या रकान्याशी त्याचा पेन थांबला.
सुताची भुकटी आजारात धरतात का,
त्यालाही माहीत नव्हतं.
बाहेर पायरीवर त्याचा बाप खोकत बसला होता.
आम्ही दोघांनी मिळून 'नाही' लिहिलं.

मग सूचनांचा कागद.
पाणी उकळून प्या.
(आमच्या बोळात नळ पाचव्या दिवशी येतो,
प्यायच्या आधी आम्ही त्याचं दर्शन घेतो.)
संध्याकाळी पूर्ण बाह्या, रात्री मच्छरदाणी,
मलेरियाची गोळी जायच्या आधीपासून
ते आल्यानंतरही.
उन्हात फार हिंडू नका.
व्यंकटेशने मोबाईल काढला :
जिंजा, युगांडा, आज अठ्ठावीस अंश.
खाली सोलापूर, बेचाळीस.
हसत हसत तो पंख्याखाली सरकला.

पिवळ्या तापाच्या लसीची तारीख पुण्याची मिळाली.
रांगेत पुढे शिकायला निघालेली एक पोरगी,
मागे लेकीच्या बाळंतपणाला निघालेले जोडपं,
सगळ्यांच्या बाह्या वर.
नर्सबाईंनी विचारलं, अंडं चालतं का,
चालतं म्हणेपर्यंत सुई टोचून झाली.
'दहा दिवसांनी हे कार्ड लागू होईल.
सांभाळा. उतरताना दाखवायचं,
आणि परत येताना इथेही दाखवायचं,
नाहीतर आपलेच लोक बाजूला बसवतील.'

टेंभुर्णीपर्यंत दंड ठणकायला लागला.

घरी आई विड्या वळत होती.
सूप मांडीवर, मान वर न करता म्हणाली,
'काय झालंय त्या मागांना?'
'धोटा उडतोय म्हणे. तिकडच्या पोरांना सेटिंग सापडत नाही.'
'कुठल्या मागाचा?'
'सात नंबर.'
तिचा दोरा हातातच राहिला.
सात नंबर बापाशिवाय कुणाचं ऐकायचा नाही.
त्याच्याच चौकटीवर
बापाने खिळ्याने माझी जन्मतारीख कोरली होती.
घरात कागद टिकत नाही, लोखंड टिकतं, म्हणायचा.
तिथून ती मास्तरांच्या वहीत गेली,
वहीतून दाखल्यावर,
दाखल्यावरून पासपोर्टावर.
आता मूळ प्रत तिकडे आहे.
फॉर्ममध्ये 'जाण्याचे कारण' असा रकाना होता,
नोकरी, पर्यटन, नातलगांची भेट.
व्यंकटेशने न विचारताच नोकरीवर खूण केली,
बरोबरच केली.

रात्री अंग तापलं.
आईने कपाळावर हात ठेवला,
बोटांना तंबाखूचा वास.
'सुईचा ताप आहे,' मी म्हटलं,
'कागदावर लिहिलंय, दोन दिवसांत उतरतो.'
'लिहिलंय म्हणून काय तो ताप नाही?'
ती उठली.
नळ परवा यायचा होता,
पिंप तळाला लागलं होतं.
वाकून, अर्धी आत जाऊन तिने तांब्या भरला,
आणि फडकं भिजवलं.