सहाशे ऐंशी

गाडी वर रस्त्यावर, उंडलीखाली.
घर खाली, जांभ्याच्या एकवीस पायऱ्या उतरून,
आणि चार्जरची केबल पाच मीटर.
सातव्या पायरीला ती संपते.
अख्खा मे महिना मी साध्या बोर्डावर भागवलं,
बोर्ड दुधाच्या पिशवीत, पिशवीला रबरबँड.
आणि गावची वायरमन मीच.

केबल कापायला घेतली तेव्हा बाबा पडवीत होते.
"सांधो मार. नवी कित्याक?"
त्यांचा सांधा निवतीच्या बंदरात कधी सुटला नाही;
दोर तुटायचा, पण सांध्याच्या बाजूला.
"बाबा, ह्यात सांधा तापतो."
"तापतलो कसो?"
"आतून वाहतं ना. दिसत नाही, पण ओढ असते."
मग ते काही बोलले नाहीत.
न दिसणारी ओढ त्यांना मी काय सांगणार.

कुडाळहून बारा मीटर आणली, सलग.
सहा एमएमची हवी होती, दुकानात चारचीच होती.

मेन खाली. टेस्टर लावला, दोनदा.
जुना कनेक्टर उघडला:
खाऱ्या हवेने धरलेले स्क्रू, पिनांवर हिरवट थर,
एक मेलेली मुंगी,
आणि तांदळाच्या दाण्याएवढा रेझिस्टर.
लाल, लाल, तपकिरी. दोनशे वीस ओहम.
म्हणजे तो गाडीला सांगायचा,
बत्तीस अँपिअर ओढ, मी सोसतो.
एवढंच त्याचं काम.
वीज वाहायच्या आधी एकदा खरं बोलायचं.

नव्या केबलला बत्तीस सोसणार नाहीत. वीस, फार तर.
सर्वेश फोनवर म्हणाला, जुनाच बसव गं,
गाडीला काय कळतंय? पहाटे भरलेली पाहिजे.
गाडीला कळत नाही, खरंच.
ती दिलेल्या शब्दावर चालते.

बाबांचा शब्द एकच: "झेपता."
इंजिन चौघांनी उचलायचं, आले तिघेच. झेपता.
ओलं जाळं, वर ओहोटीचा चिखल. झेपता.
सावंतवाडीत डॉक्टरने एक्स-रे दिव्यावर लावला,
दोन मणके एकमेकांवर टेकलेले,
मध्ये इन्सुलेशन नाही.

डबी पालथी केली, शोधून काढला:
निळा, करडा, तपकिरी.
सहाशे ऐंशी.
डाग दिला, फुंकर मारली, ओढून पाहिला.
पिनांना ग्रीस, मानेला रबरी टोपी.
चार्जरच्या आतली खूणही वीसवर आणली.

"बाबा, टोक घेऊन वर या."
त्यांनी ते खांद्यावर टाकलं, रशी टाकावी तसं,
आणि निघाले. मी मागून क्लिपा ठोकत.
नवव्या पायरीवर थांबले.
हातोडी हातात धरून मी तो शब्द यायची वाट पाहिली.

"थांब गो," म्हणाले,
"हयसर वाईच बसतंय."

मीही बसले, दोन पायऱ्या खाली.
केबल आमच्या मध्ये सैल पडली होती.
त्यांनी चप्पल काढली, तळपाय चोळला,
आणि क्लिपांतलं अंतर जास्त झालंय म्हणाले.
झालं होतं.

तिन्हीसांजेला कनेक्टर गाडीत बसवला.
थोडा वेळ काहीच नाही.
मग खालून, पडवीतून, टक्.
पडद्यावर वीस, आणि सकाळचे नऊ.

सर्वेशला कळवलं: नऊला नीघ.