तुरा

माघ सरत आला की ताळगावच्या शेतात
कुणी वसंत म्हणत नाही.
पिएदाद म्हणते, 'बांय एक हात खाली गेली,'
आणि कळशीचा दोर लांब करते:
गाठ सोडून, पुढं सरकवून,
पुन्हा गाठ.

मी तिच्या शेजारच्या अडीच वाफ्यांचा मालक.
मालक कसला,
वाफे तिच्या धाकट्याचे. सावियो
स्विंडनला गोदामात खोकी उचलतो.
मी वीजखात्यातून निवृत्त झालो त्या आठवड्यात
तिनं बांधावरूनच विचारलं होतं,
'मीटर वाचायचास ना रे दारोदार?
मग आता पानं वाच.'

भात कापलं, खुंट नांगरले,
राखेत कालवून बी फेकलं,
आणि वाफ्याच्या कडेनं तांदळाची कणी, मुंग्यांसाठी.
त्यांचं पोट भरलं की आपलं बी वाचतं.
मग दोन महिने नुसता वाकलेला मी.
मुळा, नवलकोल, मिरची, अळसांदे,
आणि तांबडी भाजी, जिच्यापायी
पेन्शनच्या कागदावर सही करताना
बँकेतली मुलगी माझ्या बोटांकडे बघत राहिली.

आज सकाळी मात्र बांधावर पाय ठेवला
आणि वास निराळा.
टेकडीवर काजू फुलला असणार,
थोडा गोड, थोडा दमट पोत्यासारखा.
शेताला चिकटून उभ्या राहिलेल्या नव्या इमारतीच्या
अँटेनावर तांबट ठोकत होता
टुक टुक टुक,
एवढ्या सकाळी कुणाचं कनेक्शन जोडत होता कोण जाणे.
आणि माझी भाजी,
परवापर्यंत गुडघ्याच्या आत राहणारी,
मान काढून उभी.
शेंड्याला तुरा.

जांभळा, केसाळ, निर्लज्ज तुरा.

मी घाबरलो, खरं सांगतो.
तुरा आला की पान जून,
जुडीला बाजारात कुणी हात लावत नाही.
खुरपं उचललं तेवढ्यात
ती आली, फ्रॉकचा घोळ कमरेला खोचलेला,
पिंढऱ्यांपर्यंत चिखल.
'आंब्याचं सुरू झालं की आपलं संपतं.
सगळ्यांचं एकदम कसं चालेल?'
असं म्हणून रांगेतून फिरली,
पानं नाही, देठ चाचपत,
आणि जुन्या चादरीच्या चिंध्या
सात रोपांना बांधल्या.
मला वाटलं सगळ्यात उंच निवडेल.
तिनं निवडली ती बुटकी,
ज्यांचा तुरा अजून पानांत अर्धा लपलेला.
'घाईवाल्यांचं बी ठेवलं
तर पुढच्या वर्षी पौषातच तुरेल.
ही बघ, ह्यांना माहीत होतं थांबायचं.'
बाकीची उपटून गाईला.

दुपारी फोन वाजला.
सावियोनं पडद्यावर आपली मागची जागा दाखवली,
हातरुमालाएवढी. काळी माती,
तिच्यावर पिठासारखं पांढरं,
एका कोपऱ्यात लसणीचे चार हिरवे काटे.
'मॅय, बांय किती गेली?'
तिनं फोन मिरचीच्या झाडाला टेकवला
आणि उत्तर म्हणून
आपला ओला हात वर धरला,
बोटांपासून कोपरापर्यंत.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
मी उगाच नवलकोलची पानं मोजत बसलो.

उन्हं उतरली. देवळाच्या अंगानं
शिगम्याचे ढोल तापवून बघत होते,
दोन ठोके, मग हसणं, मग परत दोन.
सात रोपांना सात कळशा घातल्या,
आठवी कुणाला घालू कळेना
म्हणून स्वतःच्या पायांवर ओतली.
निघताना दोराकडे बघितलं.
खांबाला गुंडाळलेला,
अजून दोन गाठींपुरता
शिल्लक आहे.