डाव्या दाराचं रबर

आमच्या गावाचं नाव उसिकाउपुंकी, म्हणजे नवं शहर.
नवं होऊन चारशे वर्षं झाली,
नाव कुणी बदललं नाही.
मग सेहेचाळीस वर्षांच्या गाडीला
मी जुनी का म्हणू?

बटाटे पिकवणाऱ्या एकाच्या कोठारात सापडली.
साब शहाण्णव, रंग मोहरीचा,
जिथे उरला होता तिथे.
मागच्या सीटवर कोंबड्यांनी संसार थाटलेला.
मालक म्हणाला, घेऊन जा. अंडी माझी.

भाऊ म्हणाला, आतबट्ट्याचा व्यवहार,
एवढ्या पैशात नवी येते.
येते ना.
पण नवीच्या पोटात हात घालता येत नाही.

जानेवारीत गॅरेजमध्ये उणे अठरा.
पान्हा उघड्या हातानं धरला तर
सोडताना कातडी मागतो.
पायाशी हीटर, बॉनेटवर कॉफीचा थर्मास,
आणि एकाहत्तराव्या वर्षी मी
गाडीखाली उताणी,
डोळ्यांत गंजाचा भुगा.
तळाचा पत्रा पापड झालेला,
बोट लावलं की आरपार.
वेल्डिंग शिकवलं शेजारच्या ओस्सीनं.
माझा पहिला सांधा बघून म्हणाला,
इथे कबुतर बसून गेलं का?

खरं कारण कुणाला सांगितलं नव्हतं.
ह्याच गावच्या कारखान्यात सहा वर्षं मी
डाव्या दाराचं रबर बसवायचे.
फक्त डाव्या. फक्त रबर.
दर चार मिनिटांनी एक दार समोर यायचं
आणि निघून जायचं,
कुठे, ते कधी कळलं नाही.
सांधा मी खाली घ्यायचे,
खालच्या बिजागरीमागे, पाण्याला सापडू नये असा.
सही म्हणा हवं तर.
कुणी मागितली नव्हती.

म्हणून ते दार शेवटाला ठेवलं,
ताटातला गोड घास ठेवतात तसं.
एप्रिलमध्ये वाळलेलं रबर सोलत गेले.
खाली सांधा नव्हता.
सांधा वर, कोपऱ्यात,
उलटा तिरका कापलेला,
डावखुऱ्या हातानं.

मार्केत्ता.
माझ्याच जागेवरची, दुसऱ्या पाळीची.
सकाळी मी तिच्या आधी, दुपारी ती माझ्यानंतर,
आठवडा उलटला की उलट.
तेव्हा चाकूची मूठ हातात यायची ती
तिच्या हातानं कोमट झालेली.
एकदा सगळ्यांसमोर मी तिला म्हटलं,
तुझी दारं गळतात.
गळतच होती. खोटं काही बोलले नाही.
त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही,
आणि आम्ही माणसंच अशी अबोल
की ते लक्षात यायलाच मला वर्ष लागलं.
बारा वर्षांपूर्वी ती गेली.
मी फुलं पाठवली. पत्ता माहीत होता,
चालत सात मिनिटं.

नवं रबर जर्मनीहून आलं,
पावडर लावलेलं, तान्ह्या बाळासारखं.
सवयीनं खालून सुरुवात केली.
अर्ध्यावर थांबले.
सगळं उपसून काढलं.
चाकू डाव्या हातात घेतला.
दोनदा रबर वाकडं गेलं, एकदा अंगठा.
ओस्सी म्हणाला, खाली घ्या ना, सोपं पडेल.
मी त्याला कॉफी करायला पाठवलं.

जूनमध्ये तपासणीला नेली.
आदल्या रात्रीपासून भुरभुर चालू होती.
पोरगेलासा तपासनीस,
गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर बघून हसला.
ब्रेक ठीक. दिवे ठीक. धूर ठीक.
मग आत बसून कागदावर सही करत होता,
तर गुडघ्यावर टपकन थेंब.
त्यानं वर पाहिलं, कोपऱ्यात बोट फिरवलं.
म्हणाला, बाकी एवढं नीट केलंत,
मग हे दार असं कसं?

म्हटलं,
आमच्याकडे दोन पाळ्या असायच्या.