वेळापत्रकाच्या समासात

विद्यापीठाचं पाकीट आलं तेव्हा
मी जिमखान्याच्या कपाटात कापूर ठेवत होतो,
बुटांना बुरशी धरते म्हणून.
एकच पान. चार सामने.
खाली शिक्का, अर्धाच उमटलेला.

धामापूरकर सरांनी चष्मा शोधला,
मिळाला नाही. म्हणाले, वाच रे मेस्त्री.

पहिला: सावंतवाडी, त्यांच्या मैदानावर.
सर गप्प.
गेल्या साली तिथं चार गोल खाल्ले
आणि परतीच्या एस्टीत
कुणी भजीसुद्धा मागितली नव्हती.

दुसरा: कणकवली, आपल्या मैदानावर.
आपलं मैदान म्हणजे आत्ता तरी
कांबळींच्या तीन म्हशींचं.
पेनल्टीच्या ठिपक्यावर एक बसते,
तिला उठवायला दोन माणसं लागतात.

तिसरा: लांजा.
त्यांच्याबद्दल कुणालाच काही माहीत नाही,
म्हणून सगळ्यांनाच सगळं माहीत.
त्यांचा गोली सहा फूट दोन इंच आहे.
छे, तो शिकून गेला.
त्याचा धाकटा भाऊ आलाय ना, तो आणखी उंच.

चौथा: दापोली. पहाटे तीनला निघायचं,
हायवे असेल तिथं हायवेने,
नसेल तिथं नशिबाने.

त्याखाली बारीक अक्षरात:
अंतिम सामना, स्थळ मागाहून कळवण्यात येईल.
ही ओळ मी वाचली नाही.
आणि काही राहिलं का, असं
सरांनीही विचारलं नाही.

कागद फळ्यावर लावला, चार टाचण्या.
मग पेन्सिल घेतली
आणि विद्यापीठाला ठाऊक नसलेलं
समासात लिहीत गेलो.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते.
अष्टमीला संध्याकाळी सहाला पाणी वर,
म्हणजे सावंतवाडीच्या आदल्या दिवशी
उभादांड्याच्या पुळणीवर सराव नाही.
कॉलेजच्या गच्चीवर पळवा, हळू, खाली ग्रंथालय आहे.

दापोलीच्या आदल्या रात्री गावात डबलबारी.
आपला सेंटर-बॅक म्हाडगुत पखवाजावर.
तो झोपणार टेम्पोत,
डोकं मिंगेल फर्नांडिसच्या खांद्यावर,
आणि झोपेतही बोटं चालवणार.

लांजासमोर: अल्ताफचे बूट. नऊ नंबर. मागितलेत.

आणि कणकवलीसमोर
नुसतं एक आडनाव: खोबरेकर?
नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस आहे तो.
नारळ समुद्राला गेला की होड्या जाणार,
आणि आपली डावी बाजू होडीत बसलेली असणार.
परवा दारात उभा राहून म्हणाला होता,
"सर, पुनवेनंतर बापूस माका सोडूचो नाय."
सर म्हणाले, बरं.
बरं म्हणायला त्यांना केवढा वेळ लागला.

गोलाचं जाळं उंदरांनी खाल्लेलं.
नवं मागितलं तर तीन कोटेशनं लागतात,
म्हणून बंदरावर निरोप धाडला.
त्याचा बापूसच आला. उकिडवा बसला,
दातात सुतळी, हातात लाकडी सुई,
दुपारभर एक शब्द नाही.
निघताना जाळ्यात मूठ घालून बघितली:
"आस बारीक ठेवलंय.
ह्येच्यातसून बांगडोय सुटूचो नाय."
पोराचं नाव मी काढलं नाही.
त्यानेही काढलं नाही.
चहा घेतला, पैसे घेतले नाहीत.
फळ्याकडे मात्र बघितलं त्याने,
वाचता येतं की नाही, मला माहीत नाही.

आज सकाळी कुलूप काढलं.
खोबरेकर आहे, पुढचं प्रश्नचिन्ह नाही.
कुणीतरी अंगठ्याने पुसलंय.
पेन्सिल पसरून कागद तिथं करडा झालाय,
नाक जवळ नेलं तर मासळीचा वास येतो.
बापाचा अंगठा की मुलाचा,
वासावरून कसं कळणार?

सरांना चष्मा सापडलाय.
ते मघापासून फळ्यासमोर उभे आहेत,
अगदी खालच्या ओळीशी वाकून.

मी काही बोललो नाही.
म्हैस उठवायला
दुसरा माणूस शोधायला गेलो.